स्वस्तातले शिफ्टर: कळवा–घणसोली सायकलच्या कामाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

भाचीच्या रोड बाइकला ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर असलेले शिफ्टर (गिअर बदलायच्या लिव्हर) बसवायचे. ओवाळणीत दुसरं काही नको म्हणाली, त्यामुळे टाळायची सोय नाही. खर्चाची मर्यादा 10,000. ताई समोरच बसली होती, तेव्हा आकडा तिनेच पक्का केला.

सायकल बरी आहे. अॅलॉयची फ्रेम, ड्रॉप बार (खाली वळलेलं हँडल), पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या, मागे 7 चकत्या, कॅलिपर ब्रेक. गिअरच्या लिव्हर मात्र स्टेमच्या (बार धरणाऱ्या मधल्या नळीच्या) दोन्ही बाजूंना बारवर आडव्या बसवल्यात, शिमानो कंपनीच्या ए050. स्वस्त रोड बाइकना त्या सर्रास असतात. गिअर छान पडतात, तक्रार ती नाही. गिअर बदलायचा तर हात ब्रेकवरून उचलून मधे न्यावा लागतो, ही तक्रार आहे. कळव्याहून घणसोलीला ऑफिसला जाताना विटाव्याच्या पुलाखाली वेग कमी करायचा, वर येताना लगेच हलका गिअर टाकायचा, आणि दिघ्यापाशी कंटेनर डावीकडे दाबत आला की दोन्ही हात ब्रेकवर हवेत. "मामा, मला वेग नकोय. मला हात जागेवर हवाय," म्हणाली. मागणी चोख आहे. खरेदी करताना हेच वाक्य समोर ठेवायचं.

9 नोव्हेंबर

सायकल माझ्याकडे चरईत आणली. पैसे मोजायच्या आधी सायकलवर काय आहे ते मोजायचं. शिफ्टर एकटा येत नाही, मागून डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), कॅसेट (मागच्या चाकावर सरकवून बसवलेला चकत्यांचा संच), चाक अशी वरात आणू शकतो.

मागचं चाक काढून चकत्या उलट्या फिरवल्या. आतल्या बाजूला पाना बसायच्या खाचा असतात, त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील. खाचा हलल्या नाहीत. म्हणजे फ्रीव्हील, 14 ते 28 दात्यांचं.

वाईट बातमी एवढीच. बाकी मापं सोयीची निघाली. मागच्या फोर्कमधलं अंतर 130 मिमी, म्हणजे रोडचं कुठलंही नेहमीचं 8-9-10 गिअरचं चाक पुढे कधीही बसेल. सीट ट्यूब व्हर्नियरने 31.8 मिमी भरली, पुढच्या डेरेलरची पट्टी त्या मापाची लागेल. ब्रेक कॅलिपरचे असल्यामुळे रोडच्या लिव्हर थेट चालतात. व्ही-ब्रेक असते तर अडचण होती, कारण त्यांना वायर जास्त ओढावी लागते आणि रोडची लिव्हर तेवढी ओढत नाही.

12 नोव्हेंबर

रात्री जेवणानंतर कागद-पेन घेऊन बसलो. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

शिफ्टर प्रत्येक टिचकीला ठरावीक वायर ओढतो. डेरेलर त्या ओढीला आपल्या गुणोत्तराने गुणतो आणि तेवढा आडवा सरकतो. शिमानोच्या रोडच्या 7, 8, 9 आणि जुन्या 10 गिअरच्या मागच्या डेरेलरमध्ये हे गुणोत्तर साधारण 1.7 आहे. 8 गिअरचा शिफ्टर एका टिचकीला 2.8 मिमी वायर ओढतो, 1.7 ने गुणलं की सुमारे 4.8 मिमी. आणि 8 गिअरच्या कॅसेटवर एका चकतीपासून दुसरीपर्यंतचं अंतर 4.8 मिमीच आहे. 7 गिअरला ते 5 मिमी, 9 ला 4.35, 10 ला 3.95.

यातून निघतं ते असं. मागचा डेरेलर बदलायची गरज नाही, तो 8 लाही चालेल आणि 9 लाही. किती टिचक्या आणि केवढ्या, हे शिफ्टर ठरवतो. डेरेलरला त्याच्याशी देणंघेणं नाही. चेनही राहू दे, 7 आणि 8 ला एकच चालते.

शिमानोच्याच टियाग्रा 4700 शिफ्टरच्या नादाला मात्र लागायचं नाही. 10 गिअरचा असला तरी त्याची वायरची ओढ जुन्या 10 गिअरपेक्षा वेगळी, त्याला डेरेलरही त्याच ओढीचा लागतो. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं गणित तर मुळातच निराळं, शिमानोच्या डेरेलरशी जुळत नाही. जुन्या बाजारात "10 स्पीड आहे, काहीपण चालेल" असं कोणी म्हणालं की पिशवी उचलून निघायचं.

मग उरतात चार वाटा: शिमानोचे टूर्नी ए070 (7 गिअर), शिमानोचेच क्लॅरिस आर2000 (8), मायक्रोशिफ्टचे 8 वाले, किंवा बारच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर. पाचवी वाट फ्रेमच्या नळीवरच्या लिव्हरची, डाउनट्यूबची. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ, पण त्यासाठी वाकून गुडघ्याजवळ हात न्यायचा. 1990 मध्ये शिमानोने ड्युरा-एसमध्ये ब्रेक आणि गिअर एका लिव्हरमध्ये आणले, तोवर शर्यतीतले लोकही तसंच करत होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मी भाचीला ते करायला सांगणार नाही.

16 नोव्हेंबर

नौपाड्यातलं एक दुकान आणि ओळखीचा मेकॅनिक, दोन्हीकडे भाची बरोबर. भाव विचारून ठेवले: ए070 ची जोडी साडेचार हजारांच्या आसपास, क्लॅरिस साडेसात, शिमानोचा 9 गिअरचा सोरा बाराच्या पुढे. सोरा तिथेच बाद.

स्वस्तात उरकायचं तर ए070 सरळ बसतो. 7 गिअरचा, फ्रीव्हील तसंच, डेरेलर तसाच, वायर आणि टेप बदलली की झालं. पैसे वाचतात हे खरं. पण दुकानातल्या एका सायकलवर तोच होता म्हणून भाचीला हात ठेवायला सांगितलं. मोठ्या चकतीवर जायला ब्रेकची लिव्हर आत ढकलायची, ते जमलं. लहान चकतीवर यायला हूडच्या (लिव्हरवरच्या रबरी पकडीच्या) आतल्या अंगाला अंगठ्याने दाबायची छोटी दांडी आहे. हूडवर हात असताना अंगठा पोचतो. खाली ड्रॉपमध्ये, म्हणजे बारच्या खालच्या वळणात, हात गेले की पोचतच नाही. तिने दोनदा मनगट वाकवून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे परत हात हलवायचाच की."

क्लॅरिसला मागे वेगळी छोटी लिव्हर आहे, ती हूडवरून आणि ड्रॉपमधूनही बोटांनी लागते. शिवाय लिव्हर बारच्या जवळ आणायची सोय आहे. हे जाहिरातीत कोपऱ्यात लिहिलेलं असतं, पण लहान हाताला तेच सगळ्यात महत्त्वाचं. तिची पहिली दोन बोटं लिव्हरला पेरापर्यंतही पोचत नव्हती. दुकानदाराने स्क्रू फिरवून जवळ आणली तशी पकड बसली.

मायक्रोशिफ्ट तैवानची कंपनी, काम चांगलं. त्यात ब्रेकची लिव्हर आडवी हलत नाही, गिअरच्या दोन्ही लिव्हर मागे स्वतंत्र असतात. ब्रेक दाबताना चुकून गिअर पडत नाही, हा मला फायदाच वाटतो. पण ठाण्यात कोणाकडे तयार जोडी नव्हती. मागवून देतो म्हणाले, आणि एक सुटा भाग पुढे लागला तर पुन्हा मागवून देतो.

बार-एंडचं एकच सांगतो: माझी स्वतःची सायकल असती तर तेच लावले असते. सध्याच्या ब्रेक लिव्हर राहतात, आतली यंत्रणा साधी, आणि कित्येकांमध्ये टिचकी बंद करून नुसत्या घर्षणावर चालवायची सोय असते, मग 7 असो की 9, फरक पडत नाही. पण हात बारच्या टोकाला न्यावा लागतो. मागणीच वेगळी आहे.

20 नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळीच बोटाला शाई लावून घेतली आणि नेरूळला एक जुनी जोडी पाहायला गेलो. 9 गिअरची, सोराची बरीच जुनी पिढी, 3400, क्लॅरिसच्या निम्म्या भावात.

जुना शिफ्टर असा तपासतो. आधी हूडचं रबर मागे गुंडाळायचं. हाताला चिकट लागलं किंवा कडेला भेगा असल्या तर ते उन्हात उभं राहिलेलं आहे. मग वायर नसतानाच एक एक टिचकी शेवटपर्यंत चढवायची आणि एक एक उतरवायची. प्रत्येक टिचकी सारखी लागली पाहिजे. चौथी-पाचवी पोकळ लागली तर आतलं ग्रीस वाळून खिट्टी अडकते आहे. हे पुष्कळदा दुरुस्त होतं, डब्ल्यूडी-40 ने धुऊन, सुकवून, पातळ तेल सोडलं की लिव्हर पुन्हा टिचकायला लागते. आणि शेवटी टॉर्च मारून वायरच्या टोकाच्या जागी तुटलेल्या तारांचे तुकडे आहेत का ते बघायचं. ते आत शिरले तर दाताच्या डॉक्टरासारखं बारीक चिमट्याने एकेक काढत बसावं लागतं.

या जोडीत ग्रीस वाळलेलं होतं, बाकी ठीक. नाकारली ती दोन कारणांनी. हिलाही लहान चकतीवर यायला अंगठ्याचंच बटण. आणि 9 चा शिफ्टर 7 च्या फ्रीव्हीलवर चालत नाही: टिचकीला 4.35 सरकणार, चकतीला हवं 5. दोन चकत्यांतच सव्वा मिमीहून जास्त चुकतं. म्हणजे चाक, कॅसेट, चेन लगेच घ्यायची. निम्म्या भावाची जोडी दुप्पट महाग पडली असती.

माणूस भला होता. चहा पाजला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वायर काढून दाखवेन म्हणाला.

24 नोव्हेंबर

क्लॅरिस आर2000. पक्कं.

चिनी पर्याय पाहिले नाहीत असं नाही. सेन्सा आणि एलटू, दोघांचेही 8 गिअरचे शिफ्टर येतात आणि लोक चालवतात. पण 2020 च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर बंदी आल्यापासून ते सरळ घरी मागवायची वाट बंद, जे येतं ते मधल्या विक्रेत्यामार्फत आणि त्याच्या भावाने. स्वस्तपणाच निघून गेल्यावर घ्यायचं कशाला?

आता फ्रीव्हीलचं. क्लॅरिस 8 चा, फ्रीव्हील 7 चं. मेकॅनिकने सुचवलं की 8 चकत्यांचं फ्रीव्हील मिळतं, तेच चढवू. नको. फ्रीव्हीलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, उजवीकडची बेअरिंग आत राहते, चकत्या वाढल्या की एक्सलचा आधार नसलेला भाग आणखी लांबतो आणि खड्ड्यात वाकतो. आपल्याकडे खड्ड्यांची वानवा नाही.

माझा बेत असा: शिफ्टर आत्ता घ्यायचे, काही दिवस 7 च्या फ्रीव्हीलवरच चालवायचे, चाक आणि कॅसेट नंतर. हिशेब बसतो. टिचकीमागे चूक 5 वजा 4.8, म्हणजे 0.2 मिमी. मधली चकती नीट जुळवली तर दोन्ही टोकांना 0.6 मिमी. डेरेलरच्या वरच्या पुलीला थोडा आडवा खेळ असतो, बरंचसं त्यात मुरतं.

पुढचा डेरेलर मात्र क्लॅरिसचाच घेतला, 31.8 च्या पट्टीचा. जुना पुढचा डेरेलर नव्या शिफ्टरशी जुळवत बसण्यात माझा अर्धा रविवार जातो, त्यापेक्षा 1,300 रुपये परवडले. बार टेप, गिअरच्या वायरचं 4 मिमी आउटर (बाहेरची नळी) आणि ब्रेकचं 5 मिमी धरून सगळं साडेनऊ हजारांच्या आसपास. ताईला पावती दाखवली.

1 डिसेंबर

बसवायचा दिवस. भाची दहाला येणार होती, साडेअकराला आली. तोवर जुनी टेप काढून बार रॉकेलने पुसून ठेवला होता.

हूडची जागा आधी ठरवली. ड्रॉपच्या खालच्या सरळ भागाला पट्टी टेकवून लिव्हरचं टोक तिच्या रेषेत आणायचं ही जुनी पद्धत, पण आर2000 ला मी थोडं वर ठेवतो. तिला सायकलवर बसवलं, हात ठेवायला सांगितला, मनगट सरळ आलं तिथे पेन्सिलची खूण केली. मगच पट्टा आवळला.

आर2000 मध्ये गिअरची वायरही टेपखालून जाते. त्यामुळे प्रत्येक बाजूला दोन आउटर बारला लागून: ब्रेकचं पुढून, गिअरचं मागून. वळणावर आउटर ताणून बसवलं तर हँडल वळवताना गिअर आपोआप पडतो. म्हणून हँडल पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवून लांबी घेतली आणि मगच कापली.

कापायचं काम भाचीला दिलं. गिअरच्या आउटरच्या आत तारा लांबीने सरळ असतात, त्यामुळे दाबाखाली ते आखडत नाही. पण कापताना टोक चेपतं आणि आतली प्लॅस्टिकची नळी बंद होते. कानशीने टोक सपाट केलं, दाभणाने नळी गोल उघडली, फुंकर मारली, टोपी चढवली. हे घाईत केलं की नवाकोरा शिफ्टरही जड लागतो आणि मग लोक शिफ्टरला शिव्या देतात. गिअरचं आउटर ब्रेकला कधीच वापरायचं नाही हेही सांगून ठेवलं: त्यातल्या तारा जोराच्या ब्रेकला फाकतात, आणि मग ब्रेकच राहत नाही.

वायर घालताना हूड मागे गुंडाळला आणि छोटी लिव्हर दाबत दाबत सगळ्यात लहान चकतीच्या जागी आणली. तेव्हाच वायर घालायचं भोक समोर येतं. वायर सरळ गेली, पलीकडे बाहेर आली. भाचीने टाळ्या वाजवल्या.

उजवा ब्रेक पुढच्या चाकाला ठेवला. आपल्याकडे मोटरसायकलवर हाताला तीच सवय असते.

2 डिसेंबर

जुळवणी. 8 टिचक्या, 7 चकत्या, म्हणजे एक टिचकी रिकामी. ती कुठल्या टोकाला ठेवायची?

मोठ्या चकतीकडे ठेवली तर तिथला मर्यादेचा स्क्रू डेरेलरला अडवतो आणि चढावर घाबरून लिव्हर दाबणारा माणूस वायर ताणत राहतो. लहान चकतीकडे ठेवली तर वायर फक्त सैल पडते, कशालाच इजा नाही. तेव्हा शिफ्टर पहिल्या टिचकीवर सैल, दुसरीवर सर्वात लहान चकती, आठवीवर सर्वात मोठी.

आणि यातून एक फुकटचा फायदा मिळाला. 0.6 मिमीची चूक मधून वाटून घ्यायचीच गरज नाही. मोठ्या चकत्यांकडे जुळवणी बिनचूक केली, म्हणजे सगळी चूक लहान चकतीच्या टोकाला गेली. तिथे दुसऱ्या टिचकीवर डेरेलर जरासा आत राहतो आणि चेन शेजारच्या चकतीला घासून खरखर करते. मग आणखी एक टिचकी सोडायची. वायर सैल होते, डेरेलर स्क्रूला जाऊन टेकतो आणि चेन नेमकी चकतीवर. खरखर बंद. भाचीला सांगितलं, शेवटच्या गिअरला दोनदा टिचकायचं. तिने कारण विचारलं नाही. मी तरी सांगितलंच.

8 डिसेंबर

येऊर. उपवनवरून सकाळी सहाला सुरुवात. चालायला आलेल्या मंडळींची गर्दी तेव्हाही होती.

पहिल्या चढावर पुढे 34 आणि मागे 28. भाची हूडवर हात ठेवून, ब्रेकवर एक बोट, आणि टिचक्या ऐकू येत होत्या. मोठ्या चकतीवर जाताना पायात जोर असला की अर्धा क्षण रेंगाळते. पाय हलका केला की पडते. 7 चं फ्रीव्हील आहे तोवर हे राहणारच. उतरताना मात्र खरा फरक दिसला. वळणात ड्रॉपमध्ये हात, दोन बोटं ब्रेकवर, आणि वळण संपायच्या आत गिअर चढलेला. मागे राहून ओरडायची माझी सवय तिथे कामी आली नाही, ती पुढे निघून गेली होती.

5 जानेवारी 2025

भाचीचा व्हॉट्सअॅपवर अहवाल, जसाच्या तसा: "विटावा ओके. तळवलीच्या पुलावर एकदा चेन खडखडली, तू सांगितलेला गोल नट अर्धा फिरवला, बरी झाली. डावा हात दुखत नाही आता." नवी वायर सुरुवातीला ताणते आणि आउटर टोप्यांमध्ये बसतं, म्हणून ते अर्धं फिरवणं. पुन्हा लागू नये.

26 जानेवारी

चाक आलं. पैसे तिचे, पगारातले. 130 मिमीचा हब, 32 आऱ्या, 8-9-10 चा फ्रीहब (कॅसेट बसायचा भाग). त्यावर 8 गिअरची कॅसेट, 11 ते 32. मागच्या डेरेलरची क्षमता पाहूनच 32 घेतली. येऊरसाठी 28 पुरते, पण घणसोलीहून उलटा वारा लागला की 32 चा राग येत नाही.

जुन्या चेनवर झीज मोजायची पट्टी लावून पाहिली, अजून ताणलेली नाही, तीच ठेवली. बी-स्क्रू थोडा आत घेतला म्हणजे वरची पुली 32 ला घासत नाही. एक टिचकी आता रिकामी नाही, डेरेलरवर वायर आवळणारा नट सोडून पहिल्या टिचकीवर सर्वात लहान चकती घेतली. दहा मिनिटांचं काम. आठही गिअर एका टिचकीत एक, आणि तो अर्ध्या क्षणाचा रेंगाळपणा गेला. शिफ्टर डिसेंबरपासून तोच आहे.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, एकदाच सगळं केलं असतं तर?" एकदाच सगळं करायला ताईची परवानगी नव्हती.

23 फेब्रुवारी

शिमानोने यंदा ड्रॉप बारसाठीही क्यूज ही गिअरची मालिका जाहीर केली. चेन-कॅसेट लिंकग्लाइड नावाच्या वेगळ्या पद्धतीची, जुन्या मालाशी गल्लत चालणार नाही. भाचीने विचारलं, आपलं जुनं झालं का? झालं, आणि चांगलं झालं. 8 गिअरच्या चेन आणि कॅसेट गावोगावी मिळतात आणि उद्याही मिळतील. लोक नव्याकडे वळले की क्लॅरिसच्या उघड्या पेटीतल्या जोड्या आणखी उतरतील, तेव्हा एक घेऊन ठेवायचा विचार आहे.

पावसाआधीची यादी: मेच्या अखेरीस उजव्या शिफ्टरची आतली वायर बदलायची, चांगली दिसली तरी. ही वायर तुटते ती लिव्हरच्या आत, टोकाजवळ वळण घेते तिथे, आणि बाहेरून काही कळत नाही. गिअर अचानक उशिरा पडू लागले तर त्याच दिवशी हूड उचलून बघायचं, चालवत राहायचं नाही. एक 1.2 मिमीची वायर सीटखालच्या पिशवीत. डाव्या बाजूची पुढच्या वर्षी.